हरकती व सूचना

भाईंदरजवळच्या डोंगरी गावाच्या नाक्यावर चहाचा ग्लास हातात घेतला होता, तेवढ्यात शेजारच्या पोराने मोबाइल नाकासमोर धरला. "काका, हे बघा काय काढलंय!"

बघितलं. चौकोनी डबी होती. अर्जेंटिनातल्या तुलिपान नावाच्या कंपनीने २०१९ साली काढलेली, आत निरोध. डबी एकट्याच्याने उघडत नाही. चारही बाजू एकाच वेळी दाबाव्या लागतात, म्हणजे हात चार हवेत. समोरचं माणूस 'हो' म्हणत नसेल तर ते 'नाही'च धरा, असा कंपनीचा निरोप. ब्वेनोस आयरेसच्या बारमध्ये या डब्या फुकट वाटल्या होत्या. डबी जुनी, पण नाक्याला नवी. हरकती लगेच सुरू झाल्या.

पहिली हरकत तांत्रिक होती. "ब्लेड मारलं की उघडेल." आपल्या तरुणांच्या इंजिनिअरिंगबद्दल मला कधीच शंका नव्हती.

दुसरी मेडिकलवाल्याची. "चार हात? माझ्याकडे गिऱ्हाईक दोन डोळे वर करत नाही. 'ते द्या' म्हणतं. कुठलं विचारलं तर 'कुठलंही' म्हणतं आणि रस्त्याकडे बघतं. मी आधी पेपरात गुंडाळतो, मग काळ्या पिशवीत घालतो. मूळव्याधीचं मलम लोक मोठ्याने मागतात हो!"

तिसरी हरकत रिक्षावाल्याची, आणि ती सगळ्यांना पटली. "हे तिकडच्यांचं. आपल्यात कुठे लागतं? लग्न लागलं की विषय संपला."

तिकडचेही हसलेच होते, हे सांगितलं पाहिजे. ज्याला एकच हात आहे त्याने काय करायचं? डबीला हात लावला म्हणजे पुढच्या सगळ्याला होकार झाला का? मधेच मन बदललं तर झाकण परत बसतं का? हरकती रास्त होत्या. ऑस्ट्रेलियात तर २०२१ च्या मार्चमध्ये न्यू साउथ वेल्सच्या पोलिस आयुक्तांनी होकार नोंदवायचं ॲप सुचवलं, आणि ही आपली वर्षातली सर्वांत वाईट कल्पनाही ठरू शकेल, हेही स्वतःच सांगून टाकलं. लगेच एप्रिलमध्ये तिथल्या केंद्र सरकारने पोरांना संमती शिकवायला व्हिडिओ काढला. त्यात एक मुलगी मित्राच्या तोंडाला मिल्कशेक फासते. लोकांना मिल्कशेक कळला, संमती कळली नाही. व्हिडिओ मागे घेतला.

थोडक्यात, विकाऊ संमती सगळीकडेच हास्यास्पद ठरते. पण तिकडचे डबीला हसले. नाका हसत होता तो विचारण्याला. बायकोला विचारायचं? काय विचारायचं? आणि ती नाही म्हणाली तर?

मासळीची पाटी उतरवून बसलेली एक मावशी तेवढ्यात म्हणाली, "आमच्यात विचारतात हां." खरंच विचारतात. इथल्या गावांतल्या चर्चमध्ये लग्नाआधी नावं पुकारली जातात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. मग वेदीपुढे फादर दोघांना विचारतात, तुम्ही स्वखुशीने आलात ना? होकार खरा नसेल तर कॅथलिक कायद्याने लग्नच रद्द ठरतं. मी कौतुकाने मान डोलावली. मावशीने बोंबलावरची माशी हाकलली. "फादरने एकदा विचारलं. त्याला पन्नास वर्सं झाली. पुन्हा कुणी नाय विचारलं."

आम्हा हिंदूंच्या लग्नात भटजी निदान 'सावधान' तरी म्हणतात. आमच्या माहितीत ती सूचना गांभीर्याने घेणारे एक रामदासच. मुलींना पळून जायची सोय नव्हती.

'संमती' या शब्दावर महाराष्ट्रात पहिली मोठी मारामारी झाली ती १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून. बारा वर्षांच्या आतल्या मुलीशी संबंध ठेवणं, मग ती बायको का असेना, हा गुन्हा ठरणार होता. आधीची मर्यादा दहाची. दहाचे बारा केले तर धर्म बुडतो, अशी पुण्याची खात्री होती. परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये, म्हणून टिळक विरोधात. कायदा हवा म्हणणाऱ्या आगरकरांची त्या काळच्या पुण्याने जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ज्या मुलींबद्दल हे चाललं होतं त्यांना कुणी विचारलं नाही. त्या लहान होत्या ना! लग्नाला मोठ्या, मत द्यायला लहान.

जिने स्वतःचं मत सांगितलं ती रखमाबाई. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न झालेलं. १८८४ मध्ये नवऱ्याने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला, बायकोचा ताबा द्या म्हणून. पिनी नावाच्या न्यायमूर्तींनी तिच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल अपिलात फिरला आणि १८८७ मध्ये हुकूम निघाला की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात. तुरुंगात जाते, म्हणाली. शेवटी १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन प्रकरण मिटवलं. मराठी बाईच्या 'नाही'ची छापील किंमत तेवढी एकदाच जाहीर झाली आहे. पुढे ती लंडनला शिकून डॉक्टर झाली.

मेडिकलवाल्याचे खरे पूर्वज मात्र र. धों. कर्वे. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, त्यात साधनांच्या जाहिराती आणि बाईच्या सुखाला तिचाही हक्क आहे असलं भयंकर लिखाण. बक्षीस म्हणून अश्लीलतेचे खटले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. आंबेडकर होते. कर्व्यांकडे काळी पिशवी नव्हती, हीच त्यांची चूक.

पिशवीची सोय पुढे सरकारने केली. डिसेंबर २०१७ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना बजावलं, निरोधाच्या जाहिराती रात्री १० ते सकाळी ६ याच वेळात दाखवा. म्हणजे ज्यांना माल लागायचा, ते टीव्ही सोडून कामाला लागल्यावर.

रिक्षावाल्याचंही म्हणणं कायद्याला धरूनच आहे, हे मला त्याच्यासमोर कबूल करावं लागलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये अपवाद लिहिलाय: बायको अठराच्या पुढची असेल तर नवऱ्याने केलेला तो बलात्कार नव्हे. आणि दादाजींचा दावा आजही हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली लावता येतो. रिक्षावाल्याने विजयी हॉर्न वाजवला.

मात्र डोंगरीकरांना संमतीचं काहीच कळत नाही असं समजू नका. मेट्रो ९ ची कारशेड आधी राई-मुर्धा-मोर्व्याला यायची होती. तिथले गावकरी 'नाही' म्हणाले. एका घरातून नकार आला की स्थळ पुढच्या घरी जातं, तशी ती डोंगरीच्या डोंगरावर आली. २०२५ मध्ये बारा हजारांवर झाडं तोडायच्या प्रस्तावावर महापालिकेने हरकती मागवल्या, आणि लोकांनी त्या हजारोंनी दिल्या. "आम्हाला न विचारता?" हा प्रश्न तेव्हा याच नाक्यावर घुमत होता. मघाशी डबीला सर्वांत मोठ्याने हसलेल्याचाच आवाज त्यात सर्वांत मोठा होता. मी त्याला एवढंच विचारलं, घरी हरकती मागवतोस का? त्याने चहाचे पैसे दिले आणि निघाला. माझे दिले नाहीत.

सरकारी नोटिशीत मुदतीपर्यंत हरकत आली नाही की पुढची कार्यवाही होते. घरातल्या नोटिशीला मुदतच नसते. गप्प बसली म्हणजे हो, रडली म्हणजे लाजते, आणि नाही म्हणाली म्हणजे माहेरच्यांनी कान भरलेत.

असो. या लेखावर कुणाच्या हरकती असतील तर सात दिवसांत लेखी कळवाव्यात. न कळवल्यास आपली संमती आहे असं मी समजणार नाही.