तुम्ही ऐकलं नसेलच

दुर्लक्षित अल्बमवर वाद घालायचा तर पहिली अट अशी, की समोरच्याने तो ऐकलेला नसावा. चुकून ऐकलेला निघालाच तर सांगणाऱ्याचा चेहरा पडतो, कारण मग त्याला खरोखर अल्बमबद्दल बोलावं लागतं. ‘तुम्ही ऐकलं नसेलच’ हे वाक्य कसं टाकायचं, हे मात्र आमच्या मंडळात सगळ्यांना उत्तम जमतं. नजर खिडकीबाहेर, आवाज किंचित खाली आणि चेहऱ्यावर समोरच्याच्या एकूण जडणघडणीबद्दल सहानुभूती.

दर पावसाळ्यात एका शनिवारी हे मंडळ लोणावळ्यात, तुंगार्लीला बंगला घेतं. बाहेर भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांची रांग, गाड्यांत भाजलेली कणसं आणि निम्म्या गाड्यांत मिलिंद इंगळे यांचा ‘गारवा’. १९९८ साली आलेल्या या अल्बमला तेव्हापासून एकाही पावसाळ्यात सुट्टी मिळालेली नाही. त्याच साली ‘गुलाम’मधल्या एका गाण्याने खंडाळ्यालाही कायमचं कामाला लावलं. या दोन्हींचं नाव आमच्या बैठकीत काढायला बंदी आहे. जो काढेल त्याने भर पावसात जाऊन सगळ्यांसाठी भजी आणायची.

यंदा पोचतो न पोचतो तोच लाइट गेली. गाणी सगळ्यांची क्लाउडवर, आणि ढग खाली उतरून अंगणात बसलेले, त्यामुळे रेंजही नाही. मला वाटलं, बारगळली बैठक. उलट ती कधी नव्हे इतकी रंगली. एरवी वाद ऐन भरात आला की कुणीतरी आगाऊपणे गाणं लावतं आणि सगळ्यांना पाच मिनिटं गप्प बसावं लागतं. यंदा तो व्यत्यय नव्हता.

सुरुवातीचा तासभर अल्बम म्हणजे काय, यातच गेला. नाट्यसंगीतवाले काका म्हणाले, अल्बम म्हणजे मुळात पुस्तकासारखं बांधलेलं बाड. एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटं वाजणाऱ्या ७८च्या तबकड्या त्याच्या पाकिटांत खोचून ठेवायच्या. मेटलवाल्या भाच्याने विचारलं, “म्हणजे फोल्डर ना काका?” काकांनी चहाचा कप खाली ठेवला. कप खाली ठेवला की काका मुद्द्यावर येतात, हे आम्हाला ठाऊक आहे.

काकांचा उमेदवार म्हणजे ‘लेकुरे उदंड जाली’. “१९६७ची ‘कट्यार काळजात घुसली’ शेंबड्या पोरालाही माहीत. आदल्या वर्षीचं ‘लेकुरे’ कुणाच्या लक्षात आहे? संगीत त्याच अभिषेकीबुवांचं. तिथे घराण्यांची खणाखणी नाही. गाणं बोलण्यातून उठतं आणि परत बोलण्यात जाऊन बसतं. एका माणसाने पाठोपाठच्या दोन वर्षांत दोन टोकं गाठली, आणि आपण एकच टोक धरून बसलोय.” मुद्दा बिनतोड होता. त्यामुळे त्याला कुणी उत्तर दिलं नाही. सगळ्यांनी मिळून ‘नाटकातली गाणी म्हणजे अल्बम का?’ हा तांत्रिक प्रश्न उकरून काढला. काका चिडले. म्हणाले, “बुवांनी शिष्यांना घेऊन गुरुकुल चालवलं ते याच लोणावळ्यात. जा, स्टेशनबाहेर कुणालाही विचारा, गुरुकुल कुठे होतं.” विचारायची गरज नव्हती. लोणावळा स्टेशनबाहेर काहीही विचारलं तरी चिक्कीच्या दुकानाचा पत्ता मिळतो, आणि प्रत्येक दुकान ओरिजिनल असतं.

मग हिंदी सिनेमावाला पुढे सरसावला. शंकर-जयकिशन यांनी १९६८मध्ये ‘रागा जॅझ स्टाइल’ नावाची रेकॉर्ड काढली. अकरा राग, जॅझचा वाद्यमेळ, सतारीवर रईस खान. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत जॅझवाला म्हणाला, “हे जॅझ नाही.” काका म्हणाले, “हे रागही नाहीत.” गेल्या कित्येक बैठकांत या दोघांचं एकमत झाल्याची ही पहिलीच वेळ, आणि त्यात बिचाऱ्या रेकॉर्डचा बळी गेला.

इलेक्ट्रॉनिकवाल्या मित्राचं प्रकरण जास्त शिकवणारं होतं. चरणजीत सिंग म्हणजे सिनेमाच्या वाद्यवृंदात हयात घालवलेला वादक. त्यांनी १९८२ साली मुंबईत दहा राग सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यात बसवले. रेकॉर्ड काही चालली नाही. पुढे ती एका डच संग्राहकाच्या हाती लागली, २०१०मध्ये पुन्हा निघाली, आणि शिकागोचं ॲसिड हाउस जन्मायच्या आधीच हे मुंबईत कसं वाजलं, याचं तिकडे कौतुक सुरू झालं. तेव्हा कुठे आपल्याला कळलं की ही रेकॉर्ड दुर्लक्षित होती! आपल्याकडे एखादी गोष्ट दुर्लक्षित आहे, हेसुद्धा परदेशातून कळवावं लागतं. तोवर ती माळ्यावरची अडगळ असते.

गोव्यात नोकरी करून आलेल्याने रेमो फर्नांडिस यांच्या १९८४च्या ‘गोअन क्रेझी’चं नाव घेतलं. सगळी वाद्यं स्वतः वाजवून घरच्या घरी रेकॉर्डिंग, कॅसेटचं चित्र स्वतः काढलेलं, आणि विक्रीही स्वतःच, स्कूटरवरून फिरून. मार्केटिंगवाल्याने फक्त एवढंच विचारलं, की त्यात पुढे फंडिंग आलं का.

खरा स्फोट वहिनींनी केला. त्यांनी ‘अभंग तुकयाचे’ असं नाव घेतलं आणि बंगल्यात सुतकी शांतता पसरली. लता मंगेशकर आणि दुर्लक्षित? उद्या कुणी हिमालय बुटका म्हणेल! वहिनी शांतपणे म्हणाल्या, “गाणारीण सगळ्यांना माहीत आहे. चाली कुणाच्या ते सांगा.” चौघांचे हात आपसूक मोबाइलकडे गेले, पण रेंज नव्हती. श्रीनिवास खळे हे नाव शेवटी काकांच्या तोंडून आलं, तेही वहिनींनी ‘ख... ख...’ अशी सुरुवात करून दिल्यावर.

तुकोबांचं नाव निघालं की मावळात गप्पा इंद्रायणीच्या काठाने चालू लागतात. नदी उगम पावते ती इथल्याच डोंगरात, आणि तुकोबा चिंतनाला बसत तो भंडारा डोंगरही मावळातच. भाचा म्हणाला, “बुडवलेली गाथा तेरा दिवसांनी वर आली, म्हणजे जगातला पहिला री-इश्यू आपल्या नदीत झाला.” वहिनींनी त्याच्यापुढची भज्यांची ताटली उचलली. भजी कुठून आली, असं विचाराल तर जॅझवाला मघाशी नकळत ‘गारवा’ गुणगुणताना पकडला गेला होता.

एवढ्यात मेणबत्त्या घेऊन बंगल्याचे राखणदार मामा आले. मामा वेहेरगावचे, म्हणजे कार्ल्याच्या एकवीरेच्या अगदी पायथ्याचे. चैत्रात मुंबई-रायगडकडून कोळी-आगरी भाविकांच्या गाड्यांवर गाड्या तिथे लागतात. देवीच्या गाण्यांच्या कॅसेटी पायथ्याच्या दुकानांत चुड्या-नारळांशेजारी रचलेल्या असायच्या, तो काळ मामांनी पाहिलेला. ते थोडा वेळ दारातच उभं राहून आमचं ऐकत होते. मग म्हणाले, “सायेब, पयली गाणी न्यारीच व्हती. बेंजो वाजला तर निस्ता बेंजो ऐकावा. आता डीजे लावत्यात, आई कुठं न् गाणं कुठं! माझ्याकडं एक कॅसेट व्हती. तिच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं...” इथे त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, आवाज जरा खाली घेतला आणि म्हणाले, “तुमी ऐकलं नसंलच.”

आम्ही सगळे चपापलो. हा तर आमच्याच घराण्याचा गायक!

मामांची कॅसेट यादीत घ्यायची का, यावर बराच खल झाला. जॅझवाला म्हणाला, “पण ते लोकप्रिय आहे हो. दुर्लक्षित कसं म्हणणार?” आमच्यापैकी एकानेही ती ऐकलेली नव्हती, म्हणजे पहिल्या अटीत ती चोख बसत होती. पण मार्केटिंगवाल्याच्या वहीत ‘प्रकार’ असा एक रकाना होता. लोकसंगीत लिहावं तर मामाच सांगत होते की मागे कीबोर्ड आहे. भक्तिसंगीत लिहावं तर लोक त्यावर नाचतात. पॉप लिहावं तर विकलेलं नारळाशेजारी. रकाना कोरा राहिला आणि मामा कंदील शोधायला गेले.

जाता जाता ते गावच्या भजनी मंडळाबद्दलही काही सांगत होते. कार्तिकात पहाटे काकड्याला मृदंग लागतो तेव्हा ‘मूळ चाल आमच्या आळीची की तुमच्या’ यावरून जे जुंपतं, त्यापुढे आमचा वाद म्हणजे बालवाडी. फरक एवढाच, की तिथे मुद्दा मांडायचा तर गाऊन दाखवावा लागतो. ही अट आमच्याकडे लावली तर बंगल्याचं भाडं वाटून घ्यायला माणसं उरायची नाहीत. शिवाय भजनी मंडळाचा अल्बमच नाही, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटला.

रात्री चिठ्ठ्या टाकून मतदान झालं. प्रत्येक अल्बमला एकेक मत पडलं. ते कुणाचं, हे सांगायला नको. फक्त ‘रागा जॅझ स्टाइल’ला दोन मतं निघाली. पुन्हा मोजली, तरी दोनच. चौकशीअंती दुसरं मत मेटलवाल्या भाच्याचं निघालं. त्याने ती रेकॉर्ड अथपासून इतिपर्यंत ऐकलेली होती, आणि वर ती त्याला आवडलीही होती. दोन माणसांना माहीत असलेला अल्बम दुर्लक्षित धरता येत नाही, असा निर्णय मंडळाने एकमताने दिला आणि यादीत सगळ्यांत जास्त मतं मिळवणारी ती रेकॉर्ड तिथल्या तिथे बाद झाली.

सिनेमावाला हातातली चिठ्ठी चुरगाळत भाच्याकडे वळला. “गाढवा, तुला कुणी सांगितलं होतं ऐकायला?”