सेवेसी श्रीमंत पांढरे ठिपके बहाद्दर

श्रीमंत राजमान्य राजश्री पांढरे ठिपके बहाद्दर, मुक्काम कोणत्याही नव्या माशाचे कल्ले, यांचे सेवेसी समस्त मत्स्यपेटीधारकांचे कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपल्यासारख्या एकपेशीय आणि नुसत्या डोळ्यांना मिठाच्या कणाएवढ्या दिसणाऱ्या प्राण्यास एवढ्या भारदस्त मायन्याचे पत्र, तेही जाहीररीत्या, लिहिण्याचे कारण असे की, गेली कित्येक वर्षे आमच्या दिवाणखान्यांतून आपला जो निर्वेध संचार चालू आहे, त्याचे श्रेय लोक कधी पाण्याला, कधी ऋतुमानाला, कधी दुकानदाराच्या लबाडीला, तर कधी घरी येऊन गेलेल्या एखाद्या पाहुणीच्या दृष्टीला देतात. आणि ज्यांनी आपल्या स्वागताची सर्व सिद्धता पदरमोड करून केली, त्या आम्हां यजमानांचे नावसुद्धा कोणी काढत नाही. हा अन्याय दूर व्हावा, आणि आपल्या दफ्तरी आमच्या सेवेची रीतसर नोंद व्हावी, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

१८७६ साली फूके नामक फ्रेंच संशोधकाने आपले शास्त्रीय वर्णन करून 'इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस' हे नामाभिधान दिले, तेव्हापासून विद्वानांनी आपल्या दिनचर्येचा बारकाईने अभ्यास केला आहे. माशाच्या त्वचेच्या बाह्य थराखाली मुक्काम ठोकून आपण त्याच्याच पेशींवर उदरनिर्वाह करता; यथेच्छ पुष्ट झालात की यजमानाचा निरोप घेऊन तळाच्या वाळूत किंवा एखाद्या पानावर विसावता; तेथे स्वतःभोवती कोश रचून आतल्या आत विभागत एकाचे शेकडो, प्रसंगी हजारही होता; आणि ही संतती कोश फोडून बाहेर पडली म्हणजे तिला एक-दोन दिवसांत नवा मासा गाठावाच लागतो, न गाठल्यास तिचा अवतार तेथेच समाप्त होतो. थंड प्रदेशांतील पाण्यात या फेऱ्यास कित्येक आठवडे लागतात म्हणे. पंचवीस अंशांच्या आसपास मात्र आठवडाभरात तो पुरा होतो, आणि आमच्या मुंबई-ठाण्याच्या पाण्यात तर थंडीचा अडथळा आपणांस जवळजवळ नाहीच. आपण नळाच्या पाण्यातून आपोआप अवतरता, किंवा प्रत्येक पेटीत सुप्तावस्थेत पडून असता, ही जी समजूत प्रचलित आहे, ती आपल्या हिताची असली तरी खरी नव्हे. माशावाचून आपला निभाव लागत नाही. म्हणून आपण येता ते कोणीतरी आणल्यावाचून येत नाही: माशाच्या अंगावरून, पाणवनस्पतीच्या पानावरून, गोगलगाईच्या शंखावरून, ओल्या जाळीतून, नाही तर पेलाभर परक्या पाण्यातून. म्हणजे आपल्या भरभराटीस गरजा दोनच, उघडे दार आणि आत भरपूर गर्दी. या दोहोंची तजवीज आम्ही कशी ठेवली आहे, त्याची कैफियत पुढे सादर करतो.

प्रथम दाराविषयी. चेन्नईच्या कोळत्तूर भागात किंवा कोलकात्याकडे पैदा झालेला मासा उपाशीपोटी, प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद होऊन, शेकडो कोसांचा प्रवास करून कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या बाजारात उतरतो. तेथून आमच्या उपनगरातल्या दुकानात येतो. आणि या प्रत्येक मुक्कामी त्याची गाठ निरनिराळ्या गावच्या माशांशी पडते, कारण दुकानात पेट्या पन्नास असल्या तरी जाळी एकच असते, व ती या पेटीतून त्या पेटीत दिवसभर अखंड फिरत असते. रविवारी सायंकाळी आम्ही मुलांसह तेथे जातो, जो मासा सर्वांत चकचकीत दिसेल त्याच्याकडे बोट दाखवतो, आणि घरी आल्यावर पिशवी पंधरा मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवतो. हा आमचा एकमेव विधी होय. त्याने दोन्ही पाण्यांचे उष्णतामान जुळते, यापलीकडे काहीही साधत नाही. परंतु विधी यथासांग पार पडल्याचे समाधान एवढे मोठे असते की, त्यानंतर मासा, पाणी आणि त्यांतून आलेले आपण, असे सर्वांना एकदमच पेटीत ओतण्यास आमचा हात मुळीच कचरत नाही.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. २०२० साली ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा याच आम्ही दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, वर्तमानपत्र बंद केले, आणि परदेशाहून परतलेल्या शेजाऱ्याच्या हातावरचा विलगीकरणाचा शिक्का पाहून त्याच्या दाराकडे बघणेदेखील वर्ज्य मानले. संसर्ग म्हणजे काय, तो लक्षणे दिसण्यापूर्वी कसा पसरतो, धडधाकट दिसणारा मनुष्य त्याचा वाहक कसा असू शकतो, यावर त्या दिवसांत प्रत्येक सोसायटीच्या जिन्यात व्याख्याने झाली. तथापि ही सारी विद्या आम्ही मनुष्यजातीपुरतीच राखून ठेवली आहे, याबद्दल आपण निश्चिंत असावे. आपल्या तडाख्यातून एकदा बचावलेला मासा काहीसा प्रतिकारक्षम होतो, आणि आपल्या एखाददुसऱ्या वंशजास कल्ल्यांच्या आडोशाला बाळगून बाहेरून अगदी निरोगी दिसतो, ही माहिती आमच्यापैकी कोणी ऐकली असलीच, तर ती दुकानाच्या पायरीवर ठेवूनच तो आत शिरतो. सरकारचे म्हणाल तर, परदेशातून आयात होणाऱ्या व्हन्नामेई कोळंबीच्या प्रजनकांनासुद्धा चेन्नईच्या विलगीकरण केंद्रात मुक्काम केल्यावाचून पुढचा परवाना मिळत नाही; पण आमचा दिवाणखाना हा सरकारी अंमलाबाहेरचा मुलूख आहे.

आता गर्दीविषयी, आणि या बाबतीत आमची कामगिरी विशेष उल्लेखनीय आहे असे आम्ही विनयपूर्वक समजतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी जी पेटी आमच्या घरी असते, तीत हिशेबाने सत्तर लिटर पाणी मावते. त्यातून वाळू, दगड, झाकण उघडून बुडबुडे सोडणारी प्लॅस्टिकची खजिन्याची पेटी व वरची मोकळी जागा वजा जाता पन्नास-पंचावन्न लिटर उरते. एवढ्या पाण्यात चार गोल्डफिश, सहा टायगर बार्ब, त्या बार्बांकडून पर कुरतडून घेण्यासाठी एंजल माशांची एक जोडी, मुलाने हट्ट धरला म्हणून दोन 'शार्क', आणि सफाई खात्यात सकर एक, असा फौजफाटा आम्ही सहज ठेवतो. शिवाय दोन-चार गप्पी माद्या असतातच, ज्या नर नसतानाही साठवलेल्या बीजावर महिन्यागणिक प्रसूत होतात, आणि ज्यांची ही अखंड प्रसवशक्ती पाहूनच आरोग्य खात्याने डासांच्या बंदोबस्तासाठी गप्पी मासे पैदास केंद्रे चालवली आहेत. यांतील 'शार्क' म्हणजे वास्तविक पंगेशियस. बोटाएवढा घेतलेला हा मासा मोकळ्या पाण्यात मीटरभर वाढतो, आणि त्याचीच भावंडे उपाहारगृहांत 'बासा' या नावाने तळून मिळतात. सकर दीड फुटापर्यंत जातो. गोल्डफिश तर दीर्घायुषी म्हणून इतका विख्यात की, इंग्लंडातील 'टिश' नावाचा एक मासा त्रेचाळीस वर्षे जगून १९९९ साली वारला; आमच्याकडचे मात्र साधारणतः दिवाळी पाहत नाहीत. मासा लांबीने दुप्पट झाला की वजनाने आठपट होतो, हे गणित शाळेतल्या मुलालाही सुटेल. पण खरेदीच्या क्षणी मासा लहान असतो आणि पेटी मोठी दिसते. 'गॅलनमागे एक इंच मासा' हा पाश्चात्त्य ठोकताळाही आम्ही त्या दिवशीच्या इंचांनीच मोजतो.

वास्तुशास्त्राचे आपणांवर जे उपकार आहेत, त्यांचाही उल्लेख व्हावयास हवा. आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे ईशान्येस ठेवल्यास लक्ष्मी नांदते, आणि त्यांतला एखादा मेल्यास घरावरचे अरिष्ट त्याने स्वतःवर घेतले असे समजून त्याच्या जागी ताबडतोब दुसरा आणावा, असा निर्णय या विषयातील जाणकारांनी दिला आहे. जगात इतर कोणत्याही रोगजंतूला एवढी सुरक्षित रसद लाभली असेल असे आम्हांस वाटत नाही. कारण आपण मारलेला प्रत्येक मासा येथे तक्रारीचे कारण न ठरता पुण्याच्या खात्यावर जमा होतो, आणि बदली शिपाई पुढल्या रविवारी हजर होतो.

गर्दीचा आपणांस होणारा लाभ दुहेरी आहे. कोशातून निघालेल्या आपल्या बालकांच्या हाती वेळ थोडा. मासे मोजके असते तर निम्मी वाटेतच गारद होती, पण आमच्या पेटीत कोणत्याही दिशेला वळले तरी कल्ला लागतोच. दुसरे असे की, मासे मुख्यतः कल्ल्यांवाटेच अमोनिया टाकतात. तो पचवून प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्तीला येण्यास चार ते सहा आठवडे घेतात. आणि आम्ही पेटी आणली त्याच संध्याकाळी ती भरून टाकतो. मग त्या विषाने माशांचे कल्ले भाजतात, अंगावरचा चिकट संरक्षक थर दुबळा होतो, वीज गेली की सगळे पृष्ठभागाशी येऊन तोंडे वासतात, आणि पुण्याकडे मार्गशीर्षातल्या एका रात्रीत पाणी चार अंश उतरले की आपली स्वारी थाटात प्रकट होते. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नामक रसायनज्ञाने १८५० साली थोडे मासे, पाणवनस्पती व गोगलगाई यांचा समतोल काचपात्रात साधून दाखवला होता. पण तो शास्त्रज्ञ पडला, त्याला पाहुण्यांना काही दाखवायचे नव्हते.

आता एक फिर्याद. आमच्या इमारतीत एक निवृत्त गृहस्थ राहतात, त्यांचे वर्तन आपल्या हितसंबंधांना अत्यंत विघातक आहे. यांच्या पेटीत आठ टेट्रा आणि पुष्कळशी हिरवळ, एवढाच सरंजाम. येणारा प्रत्येक मनुष्य 'एवढेच?' असे विचारतो, आणि ते 'एवढेच' असे उत्तर देतात, यावरून त्यांच्या अभिरुचीची कल्पना यावी. नवा मासा घेण्यापूर्वी ते दुकानात अर्धा तास नुसते उभे राहतात. मासा येऊन किती दिवस झाले हे विचारतात, त्याला दाणे टाकावयास लावून तो खातो की नाही हे पाहतात, आणि शेजारच्या पेटीतला एखादा मासा दगडाला अंग घासताना दिसला तर रिकाम्या हाताने परततात. घेतलाच, तरी तो थेट पेटीत जात नाही. सज्जात तीस लिटरचा एक साधा टब ठेवलेला आहे. त्यात लपण्यापुरता नळाचा एक तुकडा, वर जाळीचे झाकण, आणि एक स्पंज फिल्टर, जो हा धूर्त मनुष्य एरवी मोठ्या पेटीतच चालू ठेवतो, जेणेकरून जिवाणूंची वस्ती त्यात आयती तयार असते. पिशवीतले पाणी ते मोरीत ओततात व मासा तेवढा उचलून घेतात. त्या टबाची जाळी निराळी, पाणी उपसण्याची नळी निराळी, आणि दाणे घालण्याचा क्रमसुद्धा असा की, आधी पेटी आणि शेवटी टब, म्हणजे ओला हात चुकूनही उलटा जाऊ नये.

हा तुरुंगवास चार आठवड्यांचा असतो. का, असे आम्ही एकदा कुत्सितपणाने विचारले, तेव्हा ते म्हणाले की, उबदार पाण्यात आपल्या फेऱ्यास आठवडा लागतो, म्हणून कल्ल्यात दडलेला असामी चार आठवड्यांत तीन-चार वेळा तरी साक्षीला उभा राहतो. आणि रागुझा नगराने १३७७ साली प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना महिनाभर बाहेर थांबवले, ते काही हौसेखातर नव्हे. आपण प्रकट झालातच, तर ते टबाचे पाणी हळूहळू तीस अंशांपर्यंत नेतात, त्या माशाला सोसेल इतके मीठ घालतात, तळ रोज उपसून आपले कोश बाहेर फेकतात, आणि ठिपके दिसेनासे झाल्यावरही उपचार थांबवत नाहीत. एवढे झाल्यावर टब रिकामा करून उन्हात वाळवतात. आपल्या वंशाचा असा संपूर्ण उच्छेद एका निवृत्तिवेतनधारकाने सज्जात बसून करावा, आणि त्याच्या मोठ्या पेटीस त्याची वार्ताही नसावी, हे पाहून आमचे अंतःकरण विदीर्ण होते.

आमच्याकडील उपचारपद्धती आपणांस ठाऊक आहेच. ठिपके दिसले की आम्ही दुकानदाराकडून निळे औषध आणतो, बाटलीवर काय लिहिले आहे ते न वाचता पाणी शाईसारखे होईपर्यंत ओततो, आणि आपण त्वचेखाली सुखरूप असल्यामुळे ते आपणांस स्पर्शही करू शकत नाही. त्याची मात्रा चालते ती मोकळ्या पोहणाऱ्या बालकांवर तेवढी. तिसऱ्या दिवशी आपण स्वेच्छेने माशावरून उतरून तळाशी जाता, अंग स्वच्छ दिसते, आणि औषधाच्या गुणाची तारीफ करीत आम्ही पाणी बदलून उपचार तहकूब करतो. पुढल्या आठवड्यात आपण शेकड्यांनी परत येता, तेव्हा आम्ही दुकानदार बदलतो.

तरी सदर गृहस्थांच्या टबाविषयी आपल्या स्तरावर काही कारवाई होण्यासारखी असल्यास व्हावी, निदान त्यांचे अनुकरण इमारतीत फैलावणार नाही इतकी दक्षता घेतली जावी, ही प्रार्थना. बाकी आमच्याकडून सेवेत अंतर पडणार नाही. बहुत काय लिहिणे, कृपालोभ असावा ही विनंती.

आपले आज्ञाधारक,
समस्त मत्स्यपेटीधारक

ता. क. सकर फुटाच्या वर गेल्याने पेटीत वळू शकत नाही, म्हणून त्याला तलावात सोडण्याचे घरात घाटत आहे. देशातल्या अनेक नद्या-तलावांत त्याच्या भाऊबंदांनी आधीच बस्तान बसवून कोळ्यांच्या जाळ्यांची वाताहत चालवली असल्यामुळे त्याला तेथे एकटे वाटणार नाही. येथील रिकाम्या जागेसाठी दोन ऑस्कर पसंत करून ठेवले आहेत. सध्या तीन इंचांचे आहेत, आणि दुकानदार दोनांवर एक फुकट देतो आहे.