राजघराण्यातील बाप्तिस्म्याचे निरीक्षण : जिज्ञासूंसाठी शास्त्रशुद्ध कार्यपद्धती

ब्रिटिश राजघराण्यात मूल जन्मले की त्याच्या बाप्तिस्म्यापर्यंतच्या दोन-तीन महिन्यांत, त्या मुलाशी, त्याच्या आईवडिलांशी किंवा त्यांच्या चर्चशी कसलाही संबंध नसलेल्या असंख्य माणसांवर एक जबाबदारी येऊन पडते, आणि ती म्हणजे त्या विधीतील प्रत्येक निवडीचा अर्थ लावण्याची. ही जबाबदारी कोणी सोपवलेली नसते, तिचे मानधन मिळत नाही आणि ती पार पाडणाऱ्यांना समारंभाचे निमंत्रणही नसते; तरीही ती विलक्षण निष्ठेने पार पाडली जाते. मात्र पद्धतीच्या अभावी या क्षेत्रातील बरेच परिश्रम वाया जातात, एकाच टोपीवर दहा जण मत देतात आणि बाप्तिस्मापात्राकडे कोणी पाहतही नाही, अशी स्थिती असल्याने प्रस्तुत मार्गदर्शनाची गरज निर्माण झाली आहे.

प्रथम संज्ञा निश्चित करणे इष्ट. बाप्तिस्मा म्हणजे मुलाच्या मस्तकावर पाणी घालून त्याला ख्रिस्ती मंडळीत सामावून घेण्याचा संस्कार होय. मराठी वृत्तपत्रे त्याला सरसकट ‘नामकरण’ म्हणतात आणि मराठी निरीक्षकाची दिशाभूल तेथूनच सुरू होते. बारशात नाव हाच सोहळ्याचा गाभा असतो, आणि आत्या पाळण्यापाशी वाकून ते बाळाच्या कानात सांगेपर्यंत निदान औपचारिकदृष्ट्या तरी ते गुपित मानले जाते. राजघराण्यात याच्या नेमके उलट घडते. विल्यम आणि केट यांचे थोरले पुत्र प्रिन्स जॉर्ज यांचे नाव जुलै २०१३ मध्ये जन्मानंतर दोन दिवसांतच जाहीर झाले, बाप्तिस्मा मात्र २३ ऑक्टोबरला झाला. म्हणजे पाणी डोक्यावर पडले तेव्हा नावावर पैजा घेणाऱ्या लंडनच्या दुकानांनी आपले हिशेब केव्हाच मिटवले होते. सारांश, नावाविषयीचे कुतूहल संपल्यावर उरलेले कुतूहल अंगरखा, पात्र, पाणी, चर्च, धर्ममातापिता, पाहुणे आणि केक या सात ठिकाणी वाटून द्यावयाचे असते.

यांपैकी पहिल्या तिहींबाबत नवशिक्या निरीक्षकाचा विरस होण्याची शक्यता आहे, कारण तेथे निवड करण्यासारखे जवळजवळ काहीच नसते. राणी व्हिक्टोरिया यांनी आपल्या थोरल्या मुलीसाठी स्पिटलफील्ड्सच्या रेशमाचा आणि होनिटनच्या लेसचा जो अंगरखा १८४१ मध्ये करवून घेतला, तोच २००४ पर्यंत ६२ बाळांना घालण्यात आला. पुढे वस्त्र जीर्ण झाल्याने त्याची हुबेहूब प्रतिकृती तयार झाली आणि २००८ पासून ती वापरात आहे. सामान्य वाचक येथे थांबतो, पण निरीक्षकाने थांबू नये. प्रतिकृतीची नवी लेस जुन्या लेससारखी पिवळसर दिसावी यासाठी ती चहात बुडवण्यात आली होती, ही माहिती राणी एलिझाबेथ यांच्या वस्त्रप्रमुख अँजेला केली यांनी २०१९ मध्ये आपल्या पुस्तकात दिली, आणि चहा कोणत्या नाममुद्रेचा होता हेही लपवले नाही. तो यॉर्कशायर टी होता. दीडशेहून अधिक वर्षांचे राजवैभव पाच-पाच मिनिटे चहाच्या वाडग्यात मुरवून मिळवता येते, हा शोध या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल, आणि तो कोणत्याही छायाचित्राच्या बारकाव्यातून न लागता घरच्या माणसाने सांगितल्यामुळे लागला, याची निरीक्षकांनी विनयपूर्वक नोंद घ्यावी.

पात्राचीही तीच कथा आहे. ‘लिली फाँट’ या नावाने ओळखले जाणारे, कमळवर्गीय फुलांनी सजवलेले, चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेले हे पात्र १८४० मध्ये घडवले गेले, एरवी ते लंडनच्या टॉवरमध्ये राजरत्नांसोबत असते आणि समारंभापुरते बाहेर काढले जाते. त्याआधीचे चांदीचे पात्र घरात असतानाही नवे का करवले, याचे स्पष्टीकरण असे दिले जाते की जुन्या पात्राचा संबंध दुसऱ्या चार्ल्सच्या अनौरस संततीशी जोडला जात होता आणि व्हिक्टोरिया यांना तो नको होता. म्हणजे भांड्यालाही चारित्र्य असते हे तत्त्व राजवाड्याने निरीक्षकांच्या आधी मान्य केले होते. पाणी जॉर्डन नदीचे असते. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही, आणि तरीही दर वेळी लिहिले जाते.

खरे अध्ययन सुरू होते ते धर्ममातापित्यांपासून. धर्ममातापिता म्हणजे मुलाच्या धार्मिक संगोपनाची हमी बाप्तिस्म्याच्या वेळी जाहीरपणे घेणाऱ्या व्यक्ती. चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमानुसार त्या सामान्यतः किमान तीन असाव्यात, त्यांपैकी निदान दोन मुलाच्याच लिंगाच्या असाव्यात आणि सर्वांचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला असावा. कमाल मर्यादा नियमात नसल्यामुळे निरीक्षकाला मोजणीचे विस्तृत क्षेत्र मिळते. १९४८ मध्ये चार्ल्स यांना आठ धर्ममातापिता होते, जॉर्ज यांना सात, त्यांची बहीण शार्लट यांना पाच आणि भाऊ लुई यांना सहा. या आकड्यांतून काय निष्पन्न होते, असा प्रश्न अडाणी माणूस विचारील. जाणकार निरीक्षक तो विचारत नाही. तो पाच आणि सात यांच्या मधल्या दोन व्यक्ती कोण असू शकल्या असत्या, याचा विचार करू लागतो, त्यांना का वगळले असावे याची कारणे शोधतो, आणि अखेरीस कधीच निवडल्या न गेलेल्या त्या दोन व्यक्तींचे राजवाड्याशी बिनसल्याचे त्याला कळते.

आकड्यांच्या पलीकडे व्यक्तींकडे वळताना इतिहासाचा आधार घ्यावा, कारण धर्ममातापित्यांची यादी एके काळी खरोखरच राजकारणाचा दस्तऐवज होती. २४ जून १८१९ रोजी केन्सिंग्टन राजवाड्यात व्हिक्टोरिया यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा रशियाचा झार पहिला अलेक्झांडर धर्मपिता होता, अर्थात प्रतिनिधीमार्फत. आईवडिलांनी नावांची भरघोस यादी तयार केली होती, तिच्यात जॉर्जियाना हेही नाव होते. पण बाळाचा काका, राजप्रतिनिधी जॉर्ज याने आदल्या संध्याकाळी कळवले की आपले नाव झारच्या नावाआधी लावणे त्याला प्रशस्त वाटत नाही आणि झारच्या मागे लागू देणे तर मुळीच मान्य नाही. मग विधीच्या वेळी आर्चबिशप बाळाला हातात घेऊन नावाची वाट पाहत उभे असताना शार्लट नाकारले गेले, ऑगस्टा नाकारले गेले, एलिझाबेथही नाकारले गेले. आईला रडू कोसळले. आणि शेवटी मुलीला आईचे नाव द्यावे, पण ते झारच्या नावाच्या पुढे जाऊ नये, या आज्ञेने अलेक्झांड्रिना व्हिक्टोरिया हे नाव ठरले. जिच्या नावाने एक अख्खे युग ओळखले जाते तिला ते नाव असे काकाच्या फणकाऱ्यातून मिळाले. अशा प्रसंगी निरीक्षक बाहेर फाटकापाशी उभा असता तर त्याला बातमीत इतकेच मिळाले असते की समारंभ आनंदात पार पडला.

भारतीय निरीक्षकाने आणखी एक प्रकरण दुर्लक्षू नये. कुर्गच्या पदच्युत राजाने आपली संपत्ती ईस्ट इंडिया कंपनीकडून परत मिळवण्याच्या खटपटीसाठी इंग्लंड गाठले तेव्हा मुलगी गौरम्माला सोबत नेले, आणि १८५२ मध्ये तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा खुद्द राणी व्हिक्टोरिया धर्ममाता झाल्या व आपले नावही त्यांनी तिला दिले. राज्य घेतलेल्या घराला नाव देण्याची ही पद्धत पाहिल्यावर, कोणत्या बँकरला किंवा शाळासोबत्याला लुई यांचा धर्मपिता का केले, या चर्चेचे वजन थोडे कमी भासणे शक्य आहे. तसे भासू लागल्यास निरीक्षकाने काही दिवस विश्रांती घ्यावी.

यानंतर अनुपस्थितांचा अभ्यास येतो, आणि तो उपस्थितांच्या अभ्यासाहून फलदायी असतो, कारण जो आला त्याच्याविषयी एकच निष्कर्ष निघतो, न आलेल्याविषयी कितीही. ९ जुलै २०१८ रोजी लुई यांच्या बाप्तिस्म्याला राणी एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप उपस्थित नव्हते. हे बरेच आधी परस्परसंमतीने ठरले होते आणि प्रकृतीशी त्याचा संबंध नाही, असे राजवाड्याने सांगितले. त्याच आठवड्यात हवाई दलाच्या शताब्दीचा कार्यक्रम आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची भेट राणींच्या वेळापत्रकात होती. साठाहून अधिक वर्षे राज्य केलेल्या ब्याण्णव वर्षांच्या पणजीला कामाच्या आठवड्यात एक कार्यक्रम कमी करावासा वाटला असेल, हे स्पष्टीकरण इतके सरळ आहे की प्रशिक्षित निरीक्षकाने ते प्रथमदर्शनीच बाजूला ठेवावे.

छायाचित्रांच्या वाचनासाठी स्वतंत्र तंत्र लागते. जॉर्ज यांच्या बाप्तिस्म्याच्या वेळी छायाचित्रकार जेसन बेल यांनी राणी आणि त्यांचे तीन क्रमागत वारस एकत्र टिपले. असा योग याआधी १८९४ मध्ये, पुढे आठवा एडवर्ड झालेल्या बाळाच्या बाप्तिस्म्याला, आला होता. या चित्रात पाहण्यासारखे जे आहे ते सर्वांना दिसते, म्हणून निरीक्षकाने ते सोडून हातांकडे पाहावे, खुर्च्यांमधील अंतर पाहावे, कोण कोणाच्या मागे उभे आहे आणि ती जागा त्याने स्वतः घेतली की छायाचित्रकाराने दिली, याचा विचार करावा. केट यांचा पोशाख तिन्ही मुलांच्या वेळी अलेक्झांडर मॅक्वीनचा आणि फिकट रंगाचा होता, या तथ्यावरून सातत्य, काटकसर, आत्मविश्वास आणि कल्पनादारिद्र्य असे चारही निष्कर्ष काढता येतात. त्यांपैकी कोणता काढावा हे निरीक्षकाचे केट यांच्याविषयी आधीच जे मत असेल त्यावरून ठरवावे, म्हणजे वेळ वाचतो.

येथवरच्या पद्धतीचा पाया असा की निवडीला वाव जितका कमी, तितका अर्थाला वाव अधिक. म्हणूनच ६ जुलै २०१९ रोजी विंडसरच्या खासगी प्रार्थनागृहात प्रिन्स हॅरी आणि मेगन यांचे पुत्र आर्ची यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा या शास्त्रावर अभूतपूर्व संकट ओढवले. अंगरखा तोच होता, पात्र तेच होते, पाणीही जॉर्डनचेच होते, पण हॅरी आणि मेगन यांनी धर्ममातापित्यांची नावे जाहीर केली नाहीत. ती खासगी राहावीत अशी त्या व्यक्तींचीच इच्छा असल्याचे सांगण्यात आले आणि दोन छायाचित्रे, एक रंगीत आणि एक कृष्णधवल, लोकांच्या हाती ठेवण्यात आली. पहिल्यांदाच कोणीतरी खरोखरची निवड केली होती, आणि निवडींचा अर्थ लावण्यात हयात घालवलेल्या मंडळींना ती मुळीच आवडली नाही. त्यांचा युक्तिवाद पैशाचा होता. हॅरी-मेगन यांच्या फ्रॉगमोर कॉटेज या घराच्या दुरुस्तीवर सॉव्हरिन ग्रँटमधून, म्हणजे राजघराण्याच्या अधिकृत खर्चासाठी सरकारी तिजोरीतून मिळणाऱ्या वार्षिक अनुदानातून, सुमारे २४ लाख पौंड खर्च झाल्याचे नुकतेच प्रसिद्ध झाले होते, आणि ज्याने छप्पर दुरुस्त करून दिले त्याला बाळाच्या धर्मपित्याचे नाव कळलेच पाहिजे, असा हा न्याय होता. त्यातील तर्क पूर्णपणे हास्यास्पद नाही, हे मान्य करावे लागते. सार्वजनिक पैशावर चालणारी आणि सार्वजनिक कुतूहलावर टिकणारी संस्था कुतूहलाची वेळ स्वतः ठरवू पाहते तेव्हा ग्राहक चिडणारच. मात्र छपराच्या खर्चाची पावती बाळाच्या पाळण्यावर चिकटवण्याचा हक्क त्यातून कसा निघतो, हे सांगणारा ग्रंथ अद्याप लिहिला गेलेला नाही.

निरीक्षकाने अशा गोपनीयतेत खचून जाऊ नये. नावे जाहीर झाली असती तर ती एका दिवसात संपली असती. न झाल्यामुळे ती कित्येक आठवडे पुरली, आणि जगातील कोणतीही प्रसिद्ध व्यक्ती धर्ममाता असू शकते अशी संपन्न अवस्था निर्माण झाली. आर्ची यांची बहीण लिलिबेट यांच्या वेळी तर समारंभच मागाहून कळला. ३ मार्च २०२३ रोजी कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या बिशपांनी त्यांचा बाप्तिस्मा केला आणि बातमी पाच दिवसांनी आली, त्यामुळे टोप्या, खुर्च्या आणि हात यांपैकी काहीच हाती लागले नाही. अशा वेळी त्याच निवेदनात वापरलेल्या ‘प्रिन्सेस’ या एका उपाधीवर संपूर्ण भर द्यावा, जसा तो प्रत्यक्षात दिला गेला.

राहता राहिला केक. विल्यम आणि केट यांच्या २९ एप्रिल २०११ च्या विवाहातील आठ थरांच्या फळांच्या केकचा एक थर २०१८ मध्ये लुई यांच्या बाप्तिस्म्याला पाहुण्यांना वाढण्यात आला. सुकामेव्याचा आणि मद्यात मुरवलेला केक वर्षानुवर्षे टिकतो आणि त्याचा थर पहिल्या अपत्याच्या बाप्तिस्म्यासाठी राखून ठेवण्याची प्रथा ब्रिटनमध्ये जुनीच आहे, त्यामुळे यात गूढ काही नाही. तथापि सात वर्षे जुना केक कोणी संपवला, कोणी बशीत तसाच ठेवला आणि कोणी रुमालात गुंडाळला, यासंबंधीची नोंद कोठेही उपलब्ध नसल्याने या दिशेने स्वतंत्र संशोधनास अद्याप पुष्कळ वाव आहे.