रील ऐकून बेस जोखणारे

हिंगोलीच्या मार्केट यार्डात हळदीची कांडी मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय व्यापारी बोली लावत नाही; लाखाच्या स्पीकरचा निकाल मात्र हल्ली मोबाइलवर परीक्षकाची रील ऐकूनच लागतो. ‘बेस काय खोल आहे!’ अशी दाद ज्या फोनवर ऐकून दिली जाते, त्याचा स्पीकर नखाएवढा. दोन-तीनशे हर्ट्‌झच्या खाली त्याचा घसाच बसतो. अठरा इंची सबवूफर चाळीस-पन्नास हर्ट्‌झवर छाती हलवतो. तो भाग फोनमधून निघतच नाही. त्याआधी रेकॉर्ड करणाऱ्याच्या माइकने मोठा आवाज आपसूक दाबलेला, खोलीचा घुमारा त्यात मिसळलेला. उरते ते परीक्षकाचे विशेषण.

बचाव असा, की चांगला हेडफोन लावला तर फरक कळतो. कळतो ना! एकाच खोलीत, एकाच माइकने दोन स्पीकर टिपले, तर कोणता जास्त चिरका एवढे सांगता येते. पण कानावर पडतो तो शेवटी हेडफोनच. दुसरा आक्षेप वजनदार आहे : सेनगाव-औंढ्याच्या माणसाने ऐकायला जायचे कुठे? भारी स्पीकरची दालने पुण्या-मुंबईत, आणि तिथे गालिच्यावर गोड वाजलेले घरी पत्र्याखाली, उघड्या फरशीवर तसेच वाजेल याची हमी दुकानदारही देत नाही. म्हणून व्हिडिओ जरूर पाहावा. आकार, वजन, मागच्या जोडण्या कळतात. आवाजासाठी मात्र पाठ असलेले गाणे पेनड्राइव्हवर घेऊन जावे, आणि विक्रेता महागड्या जोडीचा व्हॉल्यूम हळूच वाढवू लागला की त्याचा हात धरावा. जरा मोठा वाजणारा स्पीकर कानाला सरसच वाटतो, हे त्याला पक्के ठाऊक असते.