अल्फामातलं इरकल

मी सूचना वाचणारी बाई आहे. औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेला तो तलम कागद आमच्या घरात फक्त मीच उलगडते, आणि गोळी घेण्याआधीच त्यातले निम्मे दुष्परिणाम मला जाणवू लागतात. विमानात पट्टा कसा लावायचा ते दाखवणाऱ्या मुलीकडे शेवटपर्यंत बघणारी एकमेव प्रवासी मीच असते. त्यामुळे लिस्बनच्या घरमालकानं ‘पाहुण्यांसाठी चार गोष्टी’ म्हणून भलंमोठं पीडीएफ पाठवलं, तेव्हा नवऱ्यानं ते न उघडताच माझ्याकडे ढकललं आणि सासूबाईंना सांगितलं, "आई, हिचा प्रवास सुरू झाला."

घरमालक लिस्बनच्या अल्फामा मोहल्ल्यात, म्हणजे आमचं घर होतं तिथेच जन्मलेला, पण आता राहतो नदीपलीकडे अल्मादात. अल्फामात राहणं आता परवडत नाही, असं त्यानं पहिल्याच पानावर लिहिलं होतं, आणि त्याच पानावर आमच्याकडून घ्यायचं एका रात्रीचं भाडंही. बाकी माणूस कळकळीचा. इथली फरसबंदी पांढऱ्या चुनखडीची आणि काळ्या बेसॉल्टची आहे, पाऊस पडला की तीवरून माणूस सरळ नदीत जातो, तेव्हा गुळगुळीत तळव्याचे बूट आणू नका. 28 नंबरच्या ट्रामचे पिवळे डबे 1930 च्या दशकातले. नव्या लांब ट्रामना इथली वळणं झेपत नाहीत. ही वळणं फक्त त्या डब्यांना आणि खिसेकापूंना जमतात. तिचा शेवटचा थांबा प्राझेरेशच्या कबरस्तानाच्या दारात आहे. आतून कुलपात किल्ली ठेवून झोपू नका, बाहेरून दुसरी किल्ली चालत नाही आणि कुलूपवाला रात्रीचे पैसे वेगळे घेतो. हॉटेलात न मागता समोर ठेवलेले पाव, ऑलिव्ह आणि चीज, म्हणजे कुव्हेर, फुकट नसतं. नको असेल तर हात लावू नका.

या शेवटच्या सूचनेचा आमच्यापुरता काही उपयोग झाला नाही. आई जन्माच्या शाकाहारी. ‘भाजीचं सूप’ म्हणून आलेल्या काल्दु व्हेर्द्‌मध्ये सॉसेजची चकती तरंगताना दिसल्यापासून त्यांनी या देशात फक्त कुव्हेरच खाल्लं. वेटर मुख्य पदार्थ विचारायला यायचा तेव्हा आमची आचवायची वेळ झालेली असे.

शिवाय एका अख्ख्या पानावर एकच वाक्य होतं: 12 जूनच्या रात्री झोपायचा प्रयत्न करू नका.

आमचं बुकिंग नेमकं त्याच आठवड्यातलं. 13 जून हा संत आंतोनियुचा दिवस, त्या दिवशी लिस्बनला सुट्टी. हा संत साधारण 1195 साली इथंच जन्मला. तो लग्नं जुळवतो, हरवलेल्या वस्तू शोधून देतो, आणि आदल्या रात्री त्याच्या नावानं सगळं शहर रस्त्यावर सार्डिन भाजतं. अल्फामात तर गल्लीगल्लीत झिरमिळ्या लागतात, घराच्या दारात लोक बिअर विकतात आणि मिरवणुकीत आपलाच मोहल्ला जिंकणार अशी प्रत्येकाची खात्री असते.

प्रेक्षणीय स्थळांचं सांगायचं तर किल्ला बघितला, त्यात मोर आहेत. बेलेंला वास्को द गामाची कबर बघितली. आई तिच्यासमोर बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि मग "बरं" एवढंच म्हणाल्या. आमच्या खिडकीतून राष्ट्रीय समाधिस्थळाचा पांढरा घुमट दिसायचा. सांता एंग्रासियाचं हे चर्च 1682 मध्ये बांधायला घेतलं आणि 1966 मध्ये पुरं केलं. कल्याणचा पत्रीपूल रखडला होता तेव्हा त्याला मी काय काय बोलले होते! ते सगळं मी त्या खिडकीत उभी राहून मागे घेतलं.

घर दुसऱ्या मजल्यावर, डावीकडे. टॅक्सीवाल्यानं फादु संग्रहालयाच्या चौकात सोडलं आणि वर बोट दाखवलं. पुढे नुसत्या पायऱ्या. 1755 च्या भूकंपात खालचं लिस्बन भुईसपाट झालं, हा डोंगर खडकावर असल्यामुळे बराचसा वाचला. बॅगा वर ओढताना नवऱ्यानं भूगर्भशास्त्राबद्दल जे उद्गार काढले ते इथे देत नाही.

आता इरकलाकडे येते.

स्वयंपाकघरात गॅसशेजारीच धुण्याचं मशीन बघून आईंचा त्या घरावरचा विश्वास पहिल्याच दिवशी उडाला होता. "शिजवायचं की धुवायचं, एक काय ते ठरवा म्हणावं." 12 तारखेला पहाटे त्यांनी आपलं हिरवं इरकल न्हाणीघरात हातानं धुतलं. अल्फामात कपडे वाळत घालायला खिडकीखाली दोन लोखंडी हात असतात, त्यांच्यात भिंतीला समांतर दोऱ्या आणि टोकाला कप्पी. दोरी ओढली की चड्ड्या शिस्तीत पुढे सरकतात. आमची दोरी जेमतेम दोन मीटरची आणि इरकल साडेपाच मीटरचं. पान नऊवर स्पष्ट लिहिलं होतं: कपडे पिळून घाला, खालच्या खिडकीवर काहीही लोंबू देऊ नका. ते मी आदल्या रात्री मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

पण आईंची उमेद गेली गिरगावच्या चाळीत. तिथे साडीचं एक टोक गॅलरीच्या कठड्याला बांधायचं आणि बाकीची खाली सोडून द्यायची, वारा काय ते बघून घेतो. मी दात घासून बाहेर आले तेव्हा इरकलाचं एक टोक खिडकीच्या गजाला निरगाठीनं बांधलेलं होतं आणि लाल पदर पहिल्या मजल्याची खिडकी ओलांडून खाली गल्लीत डुलत होता. त्याच्या बरोबर खाली एक माणूस संध्याकाळच्या तयारीनं लोखंडी शेगडीत कोळसा पेटवत होता.

हिरवं अंग, लाल काठ, लाल पदर. पोर्तुगालच्या झेंड्याचे रंगही हेच, हिरवा आणि लाल. त्यात फुटबॉलची मोठी स्पर्धा तोंडावर आलेली. 2004 मध्ये स्कोलारी नावाच्या ब्राझिलियन प्रशिक्षकानं लोकांना खिडक्यांवर झेंडे लावायला सांगितलं, तेव्हापासून स्पर्धा आली की इथे घरोघरी झेंडे लागतात. शेगडीवाल्यानं वर पाहिलं आणि छातीवर हात ठेवला. पावाच्या पिशव्या घेऊन चाललेली दोन पोरं ‘पुर्तुगाल! पुर्तुगाल!’ ओरडत गेली. एका जर्मन वाटणाऱ्या जोडप्यानं पदराखाली उभं राहून फोटो काढून घेतला. आईंनी सगळ्यांना हात केला.

मग पहिल्या मजल्याची खिडकी उघडली. आतून एक हात आला, त्यानं इरकल मधोमध पकडलं आणि घरात ओढायला सुरुवात केली.

"अगं, साडी नेतेय ती!" आईंनी वरून दोन्ही हातांनी धरलं. खालून ओढ, वरून ओढ. खिडकीतून एक पांढरं डोकं बाहेर आलं. ती बाई शेगडीकडे बोट दाखवून पोर्तुगीजमध्ये ओरडत होती, आणि आई "सोडा हो, फाटेल, माझ्या बहिणीनं घेतलीय" असं मराठीत ओरडत होत्या. पोर्तुगीज आणि मराठीत सारखे असलेले शब्द तुम्हाला पाठ असतीलच, मलाही आहेत. त्या वेळी त्यातला एकही उपयोगी पडला नाही. कोळशाचा धूर मात्र दोघींच्या मधल्या कापडात शांतपणे शिरत होता. शेगडीवाल्यानं चव बघायला म्हणून पहिल्या चार सार्डिन जाळीवर टाकल्या होत्या, त्याही आपलं काम करत होत्या. नवरा व्हिडिओ काढत होता.

मी पीडीएफ उघडलेला मोबाइल हातात घेऊन खाली धावले. पान नऊवर त्या बाईबद्दलची सगळी माहिती दिली होती: पहिल्या मजल्यावर एक वयस्कर बाई राहतात, रात्री दहानंतर आवाज नको. बस. पाश्तेल द नाता कुठला खावा यावर अर्धं पान होतं.

दार उघडंच होतं. इस्त्रीचं टेबल, त्यावर दुमडलेल्या पांढऱ्या चादरी, भिंतीवर संत आंतोनियु. आजी इरकल मांडीवर गोळा करून बसली होती आणि एव्हाना ओढायचं थांबली होती. चष्मा कपाळावर सरकवून ती अंगठ्यानं एक जागा चाचपत होती, जिथे हिरवं अंग संपून लाल पदर सुरू होतो ती. तिथे शिवण नसते. अंगाचे आणि पदराचे उभे धागे एकमेकांत फासे घालून अडकवलेले असतात. आजीनं कापड उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं, मग शिवणाऱ्या माणसाची एक भुवई वर गेली. तेवढ्यात आई धापा टाकत आल्या. रागानं भांडायला आलेली बाई तो अंगठा बघून तिथंच खुर्चीवर टेकली आणि धागा कसा अडकवतात ते हवेत बोटांनी दाखवू लागली.

"गोवा?" आजीनं विचारलं.

"नाही, डोंबिवली."

आजीनं ते सोडून दिलं. "कोश्ता!" ती खुशीत म्हणाली.

मी आईंना सांगितलं, आंतोनियु कोश्ता, 2015 पासून 2024 पर्यंत इथले पंतप्रधान, वडिलांचं घराणं मूळचं मडगावचं, घरी त्यांना बाबुश म्हणतात.

"मडगावचा?" सावंतवाडीच्या माहेरवाशिणीनं विचारलं. "मग शेजारचाच की आमच्या."

साडीला सार्डिनचा वास येत होता. आजीनं नाक धरून ते दाखवलं, आईंनी पदर हुंगला आणि "शी!" केलं. तो उद्गार न सांगता कळला. आजीनं कपाटातून निळ्या-पांढऱ्या रेघांचा साबणाचा लांबट तुकडा काढला, बादली घेतली आणि दोघी माझ्याकडे न बघता निघाल्या. बेकु दु मेशियाशमध्ये सार्वजनिक धुणघाट आहे, छपराखाली दगडी टाक्या. घरमालकाच्या पीडीएफमध्ये तो ‘फोटोसाठी उत्तम, पण बायकांचे फोटो काढू नका’ या सदरात होता. तिथे आईंनी इरकल दुसऱ्यांदा धुतलं. आजी साबण लावायची, आई घोळायच्या, पिळायला दोन टोकांना दोघी. आता ओढाओढ कामाची होती.

मी टाकीच्या काठावर बसून चिडत होते. आमच्या इमारतीच्या प्रत्येक दारावर सुट्टीच्या घराची पाटी होती आणि खाली किल्ल्यांच्या आकडेवाल्या डब्या टांगलेल्या. पाटी नव्हती ती फक्त आजीच्या दारावर. जुनी गोठलेली भाडी 2012 च्या कायद्यानं सुटी झाली, 2014 मध्ये पर्यटकांना घरं देणं सोपं झालं आणि अल्फामा भराभर रिकामं होत गेलं. 2018 मध्ये महापालिकेनं इथे नवे परवाने थांबवले, तोवर बाकी मजल्यांवर आमच्यासारखे लोक येऊन राहिले होते, पीडीएफ घेऊन. पागडीच्या खोलीत संसार केलेल्या बाईला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. आईंची गिरगावातली खोली आता एका टॉवरच्या पार्किंगमध्ये तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर हवेत कुठेतरी आहे. आजीनं बोटांवर वरच्या मजल्यांची गेलेली बिऱ्हाडं मोजून दाखवली. आईंनी आपली मोजून दाखवली. आईंची जास्त भरली, आणि त्या जरा खूश झाल्या असं मला उगाच वाटलं.

वाळत कुठे घालायचं? आजीच्या खिडकीतून समोरच्या घराच्या आकड्यापर्यंत एक लांब दोरी होती, तीवर इरकल गल्लीच्या आरपार ताणलं गेलं, झिरमिळ्यांच्या रांगेत. आजीनं चिमटे स्वतः लावले, पदराला दुप्पट. खाली अंधार पडायला साडेनऊ वाजले, मग जे काही सुरू झालं त्याबद्दल घरमालकाचं ते एका वाक्याचं पान पुरेसं आहे. पहाटे चारला आमच्या खिडकीच्या काचा ॲकॉर्डियनच्या तालावर वाजत होत्या. नवऱ्यानं पावावर ठेवलेल्या इतक्या सार्डिन खाल्ल्या की शेगडीवाला त्याला नावानं हाक मारू लागला.

आजीनं आईंना मांजेरिकूची कुंडी दिली. बारीक पानांचं गोल झुडूप, त्यात कागदाचं फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. हे झाड नाकानं हुंगायचं नसतं, वर तळवा फिरवून तळव्याचा वास घ्यायचा. पान अकरा. मी ते सांगायच्या आत आईंनी तळवा फिरवून घेतला होता.

"आई, तुळस म्हणून नेऊ या का?" नवरा म्हणाला.

"तुळस नव्हे, सब्जा आहे हा. तुळशीला कागदाचं फूल कोण खोचेल?" कुंडी विमानात चालणार नाही हे कळल्यावर त्यांनी ती आजीच्याच खिडकीत ठेवली आणि पाणी किती घालायचं ते आजीला दोनदा बजावलं. मराठीत.

13 तारखेला सकाळी इरकल वाळलं होतं, आणि रात्रभर खाली भाजलेली प्रत्येक सार्डिन त्यानं पिऊन घेतली होती. तिसऱ्यांदा धुवायला वेळ नव्हता. आईंनी घडी घातली, पिशवीत बांधली, पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली.

मुंबई विमानतळावर कस्टमच्या माणसानं आमची बॅग बाजूला घेतली. कोकणातला असावा. त्यानं चेन उघडली, एकदा वास घेतला, डोळे मिटून आणखी एकदा घेतला.

"मावशी, सुकट आहे का आत?"

जन्मात माशाला बोट न लावलेल्या माझ्या सासूबाईंनी मान ताठ केली.

"सुकट नाही. सार्डिन. ताजी."