झिरो पॉइंट वन थ्री

गोव्यात पेडण्याच्या बाजारात किंवा डिचोलीच्या बसस्टँडमागे, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माळ्यावर तो सापडतो. आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल. जानेवारी २०२३मध्ये मोपा विमानतळावरून विमानं उडू लागली, मांद्रे-मोरजीच्या भाटांत व्हिला उगवू लागले, आणि याची जेवणाची वेळ गेली ती गेलीच. तरी घाई त्याला खपत नाही. घरात खोल्या किती, हा प्रश्न त्याच्या लेखी गौण. भिंतीची रेघ ०.५ मिलिमीटर, दाराची ०.२५ आणि हॅचची, म्हणजे आतल्या भरणीची, ०.१३ असली, की घरात कोणीही राहावं.

प्लॉटरमधून शीट आली की तो ती वाचत नाही. खिडकीशी नेतो, तिरकी धरतो, एक डोळा मिटतो. कापलेली भिंत जाड, पलीकडचं दिसतं ते बारीक, टाइल्स तर असून नसल्यासारख्या. ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ : प्रत्येक जाडी आधीच्या जाडीच्या साधारण १.४ पट. हा हिशोब रॉट्रिंगच्या शाईपेनांच्या जमान्यातला. ती पेनं त्याने कधी हातात धरली नाहीत, पण ट्रेसिंग पेपरवर चुकलेली रेघ ब्लेडने खरवडणाऱ्या पिढीविषयी तो स्वातंत्र्यसैनिकांविषयी बोलावं तसा बोलतो.

त्याचा हाडवैरी म्हणजे मुंबईचा आर्किटेक्ट. ड्रॉइंग येतं, सीटीबी येत नाही. कुठल्या रंगाची रेघ किती जाड छापायची, हे त्या सीटीबी फायलीत लिहिलेलं असतं, आणि ते दर ऑफिसात वेगळं. मुंबईत लाल म्हणजे भिंत; इथे लाल म्हणजे फर्निचर. त्यामुळे भलामोठा व्हिला केसाएवढ्या भिंतींवर उभा राहतो आणि आतला कमोड तेवढा बुरुजासारखा भक्कम दिसतो. काळ्या पडद्यावर झळकणारा पिवळा जिना रंगीत प्रिंटमध्ये पांढऱ्या कागदावर जवळजवळ नाहीसाच होतो. फोनवर हा फक्त म्हणतो, "साहेब, ईट्रान्समिट करून पाठवा, सीटीबीसकट." स्वतःची सीटीबी मात्र सख्ख्या भावालाही देत नाही.

हे सगळं खूळ म्हणून सोडून दिलं असतं. पण आमच्याकडे जमिनीच्या वाटण्या असतात. १:१०००च्या नकाशावर ०.७ची रेघ म्हणजे जमिनीवर सत्तर सेंटीमीटर. पन्नास मीटरच्या हद्दीला पस्तीस चौरस मीटर नुसती शाई! सध्याच्या भावात त्या शाईवर कोर्टात जाता येतं.

असेच दोघे भाऊ आले. शाई दुसऱ्याच्या वाट्यातली, असं दोघांचंही म्हणणं. "काका, हद्द रेघेच्या मधोमध. कंप्युटरच्या लेखी रेघेला जाडीच नसते," याने समजावलं. जिला जाडीच नाही तिच्यासाठी आपण भांडतोय, हे दोघांनाही पटेना. शेवटी त्याने हद्द ०.१३वर आणली. दोघांनी चष्मे पुसले, शीटवर डोकी घातली, रेघ शोधून काढली आणि मान डोलावली.

याचा मात्र जीव तुटला. बांधकामाच्या नकाशात प्लॉटची हद्द जाड काळी हवी, असं नॅशनल बिल्डिंग कोड सांगतो. म्हणून त्याने दोन प्रती काढल्या : भावांना बारीक, ऑफिसला जाड.

धाकटा पैसे सुटे करायला खाली उतरला, तसा थोरला पुढे सरकला. "त्या जाड प्रतीत, बाबा," तो हळूच म्हणाला, "जाडी थोडी त्याच्या अंगाला सरकवता येईल?"