चंद्रकळा निघाली पॅरिसला

पॅरिसच्या सहलीला तीन आठवडे उरले असताना धाकट्या जावेने मोबाइलवर एक काळी पर्स दाखवली. "वहिनी, ही शनेलची २.५५. दहा हजार युरोच्या घरात जाते." मी मनात गुणाकार केला आणि बिनसाखरेचा चहा तसाच पिऊन टाकला. मग चष्मा लावून नीट पाहिलं. काळ्या चामड्यावर तिरप्या शिवणी एकमेकींना छेदत गेलेल्या. म्हणजे शंकरपाळेच की! आणि मध्ये मऊ फुगवटा, म्हणजे गोधडी. "अगं, ही तर मी शिवते," असं तोंडातून गेलं, आणि आमच्या घरात असला शब्द कोणी विसरत नाही.

कापड घरातच होतं. सासूबाईंची चंद्रकळा, पदराला विरलेली पण बाकी ठणठणीत. अस्तराचं कोडं खुद्द कोको शनेलने सोडवलं. तिच्या पर्सच्या आतला रंग डाळिंबी. पोरकेपणी ती ज्या मठात वाढली, तिथल्या गणवेशाचा तो रंग असं सांगतात. माझ्याकडे त्याच रंगाचा खण होता. गेली सात वर्षं तो या ओटीतून त्या ओटीत फिरत होता. त्याला मी मुक्ती दिली.

शंकरपाळे आखायला स्वयंपाकघरातलं कातणच घेतलं, खडूच्या भुकटीत बुडवून पट्टीच्या कडेने फिरवलं. वर चंद्रकळा, मध्ये फोम, खाली मांजरपाट. पण मशीनवर वरचा थर पुढे पळायचा, खालचा मागे राहायचा, आणि शंकरपाळ्यांचे समोसे व्हायचे. शेवटी सगळं उसवलं, कच्चे टाके घातले आणि गोधडीसारखा हाताने धावदोरा घालत बसले. बारा रात्री. मूळ पर्स म्हणे पिशवीत पिशवी अशी शिवतात. त्याचं मला कौतुक वाटलं नाही. आमच्या दाराआड पिशव्यांनी भरलेली पिशवी वर्षानुवर्षं लटकते आहे.

खरी गंमत साखळीची. ही पर्स १९५५च्या फेब्रुवारीत निघाली, म्हणून नाव २.५५. (आपण नाव ठेवताना पत्रिका बघतो, त्यांनी कॅलेंडर बघितलं.) खांद्याला साखळी अडकवून बाईचे दोन्ही हात मोकळे करायचे, हा त्यातला डाव. मी साखळी शोधत बोहरी आळीत गेले. दुकानदाराने विचारलं, "कुत्रं केवढं आहे, मावशी?" तपशिलात कोण शिरणार? "लॅब्रॅडॉर," म्हटलं.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या बाईंनी पर्स बाजूला घेतली.

"इसमें क्या है?"

"शंकरपाळे."

"और ये बाहर?"

"वो भी शंकरपाळे."

त्यांनी माझ्याकडे, मग साखळीकडे पाहिलं आणि जाऊ दिलं.

विमानात जावेने बर्किन बॅगेची कथा सांगितली. जेन बर्किन ही इंग्रज नटी. पॅरिसहून लंडनला जाताना विमानात तिची टोपली सांडली, आणि शेजारी नेमका एर्मेसचा प्रमुख बसलेला! त्याने समोरच्या उलटीच्या पिशवीवर नव्या बॅगेचं चित्र काढलं, पुढचा इतिहास लाखमोलाचा. आमचे हे झोपल्याचं सोंग घेऊन ऐकत होते. साखरेच्या आणि मिठाच्या पुड्या त्यांनी आधीच खिशात घातल्या होत्या. "तिकिटाचे पैसे भरलेत," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

लूव्रमध्ये मोनालिसा लोकांच्या डोक्यांवरून अंगठ्याएवढी दिसली. नंतर त्युइलरीच्या बागेत पाऊण तास मोकळा मिळाला. मी तडक रिव्होली रस्ता ओलांडून रू कांबाँला, शनेलच्या ३१ नंबरच्या दाराशी. जाऊ दहा पावलं मागे, ओळख नसल्यासारखी.

आत काळ्या पोशाखातली एक मुलगी "बाँझूर" म्हणाली. मीही म्हटलं, माझं फ्रेंच तिथे संपलं. मूळ पर्स समोर होती. चष्मा वर-खाली करत मी टाके मोजले. एका इंचात दहा. माझे सहा, तेही मन लागलं होतं त्या रात्रीचे. मागच्या खिशाच्या बाकाला मोनालिसाचं हसू म्हणतात. सकाळी हुकलेलं हसू इथे निवांत बघायला मिळालं. तिच्या कुलपाचं नाव मादमोआझेल, कारण कोकोबाईंनी लग्न केलं नाही. माझ्या पर्सला टिचबटण. झाकणाच्या आतला चोरकप्पा त्यांच्याकडे प्रेमपत्रांसाठी होता म्हणे. माझ्यात पासपोर्ट आणि डोकेदुखीच्या गोळ्या.

मुलीने माझ्या पर्सकडे बोट केलं. "इंडिया?"

"पुणे," मी दुरुस्ती केली.

तिने धावदोऱ्यावरून बोट फिरवलं आणि हवेत सुई चालवून दाखवली: हाताने? मी मान डोलावली. त्यानंतर ती मान इतकी ताठ झाली, की बाहेर पडताना पायरी दिसलीच नाही. अडखळले, साखळीला हिसका बसला, एका बाजूची कडी खणासकट निघाली, आणि रू कांबाँच्या फुटपाथवर अर्धा किलो शंकरपाळे पसरले. दोन पारवे तत्काळ हजर.

मी वाकले, तर यांनी कोटाच्या खिशातून विमानातली उलटीची पिशवी काढली. माझ्या काळजात चर्र झालं, पण आनंदाने.

"अहो, चित्र काढताय?"

"चित्र कसलं? वरवरचे यात भर. खालचे पारव्यांना."